काडेपेटीतले विष

१/ कुठेही घासली की पेटणारी आगकाडी ही एकोणिसाव्या शतकातील मोठी सोय होती. १८३० च्या दशकापासून तिच्या गुलात पांढरा फॉस्फरस वापरला जाऊ लागला. तो स्वस्त होता आणि किंचित घर्षणानेही पेट घेई. मात्र कारखान्यात त्याची वाफ कामगारांच्या श्वासात जात असे.

२/ ही वाफ जबड्याचे हाड पोखरी. आधी दातदुखी, मग हिरड्यांना सूज, पू, असह्य दुर्गंधी आणि शेवटी हाड कुजणे. पुष्कळदा जबडा कापून काढण्यावाचून गत्यंतर नसे. व्हिएन्नातील डॉक्टर लोरिन्सर यांनी १८४५ मध्येच या रोगाचे वर्णन केले होते.

३/ पर्यायही लवकरच हाती आला. श्रोटर या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने १८४० च्या दशकात तांबड्या फॉस्फरसचा शोध लावला. स्वीडनच्या लुंडस्ट्रॉम बंधूंनी १८५० च्या दशकात तो पेटीच्या कडेला लावून निर्धोक काडेपेटी विकायला आणली. पण ती महाग होती आणि तिची काडी त्या कडेवरच पेटे. त्यामुळे विषारी काडीचा खप चालूच राहिला.

४/ जून १८८८ मध्ये अ‍ॅनी बेझंट यांनी लंडनमधील ब्रायंट अँड मे कारखान्यातील तुटपुंजी मजुरी आणि दंडांची पद्धत लेखातून उघड केली. जुलैमध्ये तेथील सुमारे १,४०० स्त्रिया व मुली संपावर गेल्या. त्याच महिन्यात तडजोड झाली. दंड रद्द झाले आणि जेवणासाठी वेगळी खोली मान्य झाली. ही मागणी क्षुल्लक नव्हती, कारण कामाच्या जागी खाल्लेल्या घासाबरोबर फॉस्फरसही तोंडात जात असे.

५/ तरीही पांढरा फॉस्फरस गेला नाही. रोगाची प्रकरणे न कळविल्याबद्दल १८९८ मध्ये याच कंपनीला न्यायालयाने दंड केला. १९०१ मध्ये तिने त्याचा वापर थांबविला. १९०६ च्या बर्न करारानंतर अनेक देशांनी अशा काड्यांवर बंदी घातली. ब्रिटनचा कायदा १९०८ चा, तर हिंदुस्थानचा १९१३ चा. त्या वेळी बेझंट हिंदुस्थानातच होत्या. १९१७ मध्ये त्या काँग्रेसच्या अध्यक्षा झाल्या.

६/ रोग ओळखल्यापासून बर्न करारापर्यंत ६१ वर्षे लोटली. मधल्या काळात हवेशीर खोल्या, हात धुणे, दातांची तपासणी असे उपाय झाले. रोग थांबला तो मात्र पदार्थच बदलल्यावर. घातक रसायनाऐवजी दुसरे चालत असेल तर आधी ते बदलावे आणि मुखवटे-हातमोजे त्यानंतर, हा आजच्या औद्योगिक सुरक्षेचा क्रम याच अनुभवाशी जुळतो.