बाभळीचा काटा आणि विज्ञानाचा तास : होशंगाबादची तीस वर्षे

१/ सहावी ते आठवीचे ‘सामान्य विज्ञान’ आपण सर्वच जण शिकलो आहोत. जून महिन्यात पुस्तकाला कव्हर घातले की त्या पुस्तकाकडे आपण जणू ते अनादिकाळापासून असेच होते अशा नजरेने पाहतो. परंतु मुलांना कोणते विज्ञान शिकवावे आणि कसे शिकवावे, या प्रश्नालाही इतिहास आहे. आजचा धागा त्या इतिहासातील एका विलक्षण प्रकरणाविषयी.

२/ स्थळ : मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्हा, आजचे नर्मदापुरम. काळ : १९७२ ते २००२. सरकारी शाळा, साधे शिक्षक, शेतकऱ्यांची आणि मजुरांची मुले. आणि एक असे विज्ञानाचे पुस्तक, ज्यात उत्तरेच नव्हती.

३/ आधी थोडी पार्श्वभूमी. ‘सामान्य विज्ञान’ हा शब्दप्रयोग आपल्या शालेय धोरणात ठळकपणे आला तो स्वातंत्र्यानंतर. १९५२-५३च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक टप्प्यावर हा विषय सर्वांना असावा अशी शिफारस केली. १९५६ साली शिमल्याजवळ तारादेवी येथे विज्ञान शिक्षणावर अखिल भारतीय परिसंवाद भरला; तेथेही हाच सूर होता.

४/ ‘सामान्य’ या शब्दाचा अर्थ येथे ‘किरकोळ’ असा नाही. भौतिकी, रसायन, जीवशास्त्र अशा भिंती न घालता, प्रत्येक नागरिकाला आवश्यक असे एकसंध विज्ञान, हा तो अर्थ. जो मुलगा पुढे डॉक्टर वा इंजिनिअर होणार नाही, त्यालाही विज्ञान हवे, ही त्यामागची लोकशाही भूमिका होती.

५/ मग १९५७ साली सोव्हिएत संघाने स्पुटनिक अवकाशात सोडला आणि जगभर विज्ञान शिक्षणाला निकडीचे रूप आले. अमेरिकेत शालेय भौतिकीचा अभ्यासक्रम नव्याने रचला जात होता. ब्रिटनमध्ये नफिल्ड प्रकल्प उभा राहिला. प्रयोगातून विज्ञान शिकावे, हा विचार दोन्हीकडे समान होता.

६/ भारतात १९६१ साली एनसीईआरटी स्थापन झाली. काही काळ सोव्हिएत तज्ज्ञांच्या सल्ल्याने माध्यमिक वर्गांतच विज्ञानाच्या स्वतंत्र शाखा शिकवाव्यात असा प्रवाह बळावला. भौतिकशास्त्रज्ञ दौलतसिंह कोठारी यांच्या आयोगाने (१९६४-६६) शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान आणि गणित अनिवार्य असावे असे सांगितले. धोरण कागदावर भक्कम झाले.

७/ वर्गात मात्र काय घडत होते? शिक्षक वाचत, मुले उतरवून घेत, परीक्षेत व्याख्या जशीच्या तशी लिहीत. ‘प्रयोग : साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान’ हे चार शीर्षक असलेले गद्य पाठ होई. ज्याने परीक्षानळी कधी हातात धरली नाही, तोही ‘निरीक्षण’ अचूक लिही.

८/ या विसंगतीने अस्वस्थ झालेले काही लोक होते. डून स्कूलचे बी. जी. पित्रे यांच्या पुढाकाराने विज्ञान शिक्षकांच्या एका अभ्यासगटाने प्रयोगाधारित भौतिकीची पुस्तिका तयार केली होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काही शास्त्रज्ञांनी महापालिकेच्या शाळांत ही पद्धत राबवून पाहिली. होशंगाबादच्या कथेचे एक मूळ असे आपल्या मुंबईत आहे.

९/ याच संस्थेत काम करणारे रेण्वीय जीवशास्त्रज्ञ अनिल सद्गोपाल यांनी सत्तरच्या दशकाच्या आरंभी संशोधनातील स्थिर कारकीर्द सोडली आणि होशंगाबाद जिल्ह्यात बनखेडीजवळ ‘किशोर भारती’ ही संस्था उभी केली. होशंगाबाद शहरालगत रसूलिया येथे क्वेकर परंपरेतील ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ आधीपासून काम करत होते.

१०/ या दोन संस्थांनी राज्य शासनाकडे एक धाडसी मागणी केली : आम्हाला स्वतःची आदर्श शाळा नको, तुमच्या साध्या सरकारी शाळांत विज्ञान शिकवण्याची पद्धत बदलू द्या. शासनाने मान्यता दिली. १९७२ साली १६ माध्यमिक शाळांत काम सुरू झाले. पुढच्याच वर्षी दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक आणि विद्यार्थी या कामाशी जोडले गेले.

११/ आता वर्गात डोकावू. मुले चौघाचौघांच्या टोळ्या करून बसलेली. पुस्तकाचे नाव ‘बाल वैज्ञानिक’. त्यात व्याख्या नाहीत. ‘हे करून पाहा’, ‘काय दिसले ते लिहा’, ‘असे का झाले असावे?’ अशी वाक्ये. उत्तर मुलाने स्वतःच्या वहीत लिहायचे. पुस्तक आणि वही मिळून त्याचे पाठ्यपुस्तक पुरे होई.

१२/ साहित्य कुठून आणायचे? फुलाची चिरफाड करायला सुई नसेल तर बाभळीचा काटा. वायू गोळा करायला इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब. प्रयोगशाळा नाही म्हणून विज्ञान नाही, ही सबब येथे मोडून पडली. शिवाय शाळेभोवतीचे शेत, नाला, झाडे हीदेखील प्रयोगशाळाच. परिभ्रमण हा अभ्यासक्रमाचा भाग होता.

१३/ या कामाचा एक धागा पुण्याला येतो. आयआयटी कानपूरचे अभियंता अरविंद गुप्ता पुण्याच्या टेल्कोत नोकरीस होते. १९७८ साली रजा घेऊन ते होशंगाबादला गेले. तेथे व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून भूमितीय आकृती बनवण्याची त्यांची कल्पना आकाराला आली. पुढे ‘आयुका’तील बालविज्ञान केंद्रातून त्यांची टाकाऊतून घडवलेली खेळणी जगभर पोहोचली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

१४/ अभ्यासक्रमातील एक प्रकरण मला फार आवडते : मोजमापातील घट-बढ. एकाच टेबलाची लांबी दहा मुलांनी मोजली तर दहा जणांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. नेहमीच्या वर्गात शिक्षक ‘बरोबर’ आकडा सांगून मोकळे होतात. येथे प्रश्न असा की आकडे वेगळे का आले, आणि सर्वांत विश्वासार्ह आकडा कसा ठरवावा? विज्ञानातील अनिश्चिततेशी बारा वर्षांच्या मुलाची ही पहिली भेट.

१५/ अशा वर्गात शिक्षकाचे स्थान बदलते. प्रयोग फसला तर ‘पुस्तकात असेच लिहिले आहे’ असे म्हणता येत नाही, कारण पुस्तकात तसे लिहिलेलेच नाही. ‘मलाही माहीत नाही, पुन्हा करून पाहू’ असे म्हणण्याचे बळ लागते. म्हणून शिक्षकांसाठी उन्हाळी प्रशिक्षणे आणि दर महिन्याला बैठका ठेवल्या होत्या. तेथे शिक्षक स्वतः मुलांप्रमाणे प्रयोग करत, भांडत, धडे दुरुस्त करत. अनेक शिक्षक पुढे स्वतःच प्रशिक्षक झाले.

१६/ मुलांच्या प्रश्नांसाठी ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र होते. मुले त्याला पत्रे लिहीत आणि सवालीराम उत्तरे धाडी. खेड्यातल्या मुलाच्या शंकेला कोणीतरी टपालाने गांभीर्याने उत्तर देते, ही गोष्ट लहान वाटते. पण ज्याच्या प्रश्नाला घरी ‘गप्प बस’ हेच उत्तर मिळत आले, त्याच्यासाठी ती लहान नव्हती.

१७/ आणि परीक्षा? सुधारणांची बहुतेक जहाजे याच खडकावर फुटतात. होशंगाबादने परीक्षाच बदलली. आठवीच्या परीक्षेत पुस्तक आणि वही उघडून लिहिण्याची मुभा होती आणि प्रात्यक्षिकालाही गुण होते. प्रश्नच असे असत की पाठांतर कामाला येऊ नये. पुस्तक समोर असूनही जे उत्तर शोधावे लागते, तेच खरे उत्तर, हा त्यामागचा विचार.

१८/ १९७८ साली हा उपक्रम संपूर्ण जिल्ह्यातील माध्यमिक शाळांत, म्हणजे दोनशेहून अधिक ठिकाणी, पोहोचला. ‘बाल वैज्ञानिक’ राज्याच्या पाठ्यपुस्तक निगमातर्फे छापले जाऊ लागले. १९८२ साली या कामासाठी ‘एकलव्य’ संस्था स्थापन झाली. शतकाच्या अखेरीस सुमारे हजार शाळा आणि लाखभर मुले या पद्धतीने शिकत होती.

१९/ येथवरची कथा गौरवाची आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबू नये. या पद्धतीच्या मर्यादाही खऱ्या होत्या. जे हाताने करून पाहता येत नाही त्याला अभ्यासक्रमात जागा देणे कठीण, म्हणून अणू-रेणूंसारख्या संकल्पना बाजूला राहिल्या. वेळ अधिक लागे. साहित्याचा पुरवठा, शिक्षकांच्या बदल्या, बैठकांचा खर्च, सारे शासनाच्या मर्जीवर. उत्साही शिक्षक असेल तेथे वर्ग फुले. नसेल तेथे संचाची पेटी बंदच राही.

२०/ पालकांची शंकाही समजून घ्यावी लागेल. शेजारच्या जिल्ह्यातील मूल व्याख्या धडाधड म्हणून दाखवते आणि आपले मूल नुसते प्रश्न विचारते. पुढे दहावीला तर सर्वांची परीक्षा एकच, आणि ती पाठांतराची. ज्या कुटुंबासाठी शिक्षण हीच गरिबीतून बाहेर पडण्याची एकमेव वाट आहे, त्याने ही भीती बाळगावी यात मूर्खपणा नाही. आठवीपर्यंतची परीक्षा बदलली होती. त्यापुढची व्यवस्था तशीच राहिली होती.

२१/ याच तक्रारीचा आधार घेऊन जिल्हा नियोजन समितीने उपक्रम बंद करण्याचा ठराव केला आणि २००२ साली राज्य शासनाने तो अमलात आणला. देशभरातील शास्त्रज्ञांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी निषेध केला. उपयोग झाला नाही. तीस वर्षांचे काम सरकारी शाळांतून एका आदेशाने संपले. पुढच्या सत्रात मुलांच्या हाती राज्यभर चालणारे नेहमीचे पुस्तक आले.

२२/ मग हे अपयश म्हणायचे का? एका अर्थाने होय : शाळेत जे टिकले नाही ते टिकले नाही. पण विचार असे आदेशाने संपत नाहीत. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शाळेतील ज्ञान शाळेबाहेरच्या जीवनाशी जोडण्यावर भर दिला, तेव्हा होशंगाबादचा अनुभव देशासमोर होता. एकलव्यच्या ‘संदर्भ’ या हिंदी नियतकालिकाचे मराठी भावंड ‘शैक्षणिक संदर्भ’ पुण्यातून निघू लागले.

२३/ एक गोष्ट स्वतःची सांगतो. मी सातवीत असताना आमच्या शाळेत विज्ञान साहित्याचे काचेचे कपाट होते. त्याला कुलूप होते. वर्षातून एकदा, तपासणीच्या दिवशी, ते उघडे. मी त्या वर्षी विज्ञानात उत्तम गुण मिळवले आणि कपाटातील एकाही वस्तूला हात लावला नाही. होशंगाबादविषयी प्रथम वाचले तेव्हा ते कुलूप आठवले.

२४/ संविधानातील कलम ५१-क वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधकबुद्धी यांचा विकास हे नागरिकाचे कर्तव्य मानते. १९७६ साली हे कलम आले तेव्हा होशंगाबादची मुले बाभळीच्या काट्याने फूल उलगडून पाहत होती. कर्तव्य संविधानात लिहिणे सोपे. ते चाळीस मिनिटांच्या तासात उतरवणे अवघड. त्या अवघड कामाचा इतिहास क्वचितच कोणी लिहितो.

२५/ आपल्या गावातील जुन्या शिक्षकांना विचारा : तुमच्या शाळेतील प्रयोगाचे कपाट उघडे असे की बंद? कोणता प्रयोग तुम्ही खरोखर मुलांच्या हातात दिला? उत्तरे लिहून ठेवा, तारखांसह. शिक्षणाचा इतिहास आयोगांच्या अहवालात अर्धाच सापडतो. उरलेला अर्धा या माणसांकडे आहे, आणि तो फार काळ थांबणार नाही.

धागा समाप्त.  आपल्या शाळेतील आठवण खाली अवश्य लिहा.