काडतुसाची कड : धरणगाव ते वरणगाव

बंदुकीच्या इतिहासात नळीविषयी पुष्कळ लिहिले जाते. काडतुसाच्या बुडाशी बाहेर आलेल्या बारीकशा कडेकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. आजचा धागा त्या कडेविषयी.

१८२५ साली धरणगावी भिल्ल पलटण उभारणारा जेम्स आउट्रम खानदेशात वाघांचा शिकारी म्हणूनही गाजला. त्या काळची बंदूक ठासणीची. दारू, गोळी, गज, मग बार. पहिला बार हुकला, तर दुसरा भरेपर्यंत वाघ थांबत नसे.

बोल्ट आणि मॅगझिन आले तेव्हा ही अडचण सुटल्यासारखी वाटली. १८८८ साली ब्रिटिश सैन्याने ली-मेटफर्ड रायफल स्वीकारली. तिच्याच वंशातली ली-एनफिल्ड पुढे आपल्याकडे ‘थ्री नॉट थ्री’ म्हणून घरोघरी ठाऊक झाली. आता दुसरा बार शिकाऱ्याच्या हातांवर कमी आणि मॅगझिनमधल्या स्प्रिंगवर जास्त अवलंबून होता.

अडचण इथेच होती. ३०३च्या काडतुसाला कड असते. मॅगझिनमध्ये काडतुसे एकावर एक बसतात आणि बोल्ट सर्वांत वरचे पुढे ढकलतो. वरच्याची कड खालच्याच्या कडेपुढे असेल तर ते सहज सुटते. ती मागे राहिली, तर वरचे काडतूस खालच्यालाही ओढू लागते आणि दोन्ही अडकतात. म्हणून सुटी काडतुसे भरताना प्रत्येक नवे काडतूस आधीच्या कडेपुढे सरकवून बसवावे लागे. घाईत ही शिस्त मोडली की रायफल अडकलीच. मॅगझिनचे ओठ वाकलेले असणे, स्प्रिंग मरगळणे, बोल्ट पुरता मागे न ओढणे हे दोष निराळे. पण अडकलेल्या रायफलीत पहिला संशय कडेवरच घ्यावा.

ब्रिटिश सरकारने लष्करी ३०३ बोर खासगी हातांत जाऊ नये असा बंदोबस्त केला. परवानाधारकांसाठी ३१५ बोर पुढे आला. त्याचे काडतूस मूळचे ऑस्ट्रियन लष्कराच्या मॅनलिखर रायफलीचे, आणि गंमत अशी की त्यालाही कड! बोर बदलला, खोड तीच राहिली.

१९६२च्या युद्धात भारतीय जवानांच्या हाती प्रामुख्याने ३०३च होती. त्यानंतर स्वयंभरण रायफलीबरोबर इशापूरच्या कारखान्याने जुन्या ली-एनफिल्डच्या घडणीवर ‘२ए’ आणि ‘२ए१’ या रायफली बनवल्या, ७.६२ मिमी काडतुसासाठी. या काडतुसाला बाहेर आलेली कड नसते. बुडाशी खाच असते आणि काडतूस बाहेर ओढणारा आकडा तिच्यात अडकतो. कड कडेत गुंतण्याचा प्रश्नच उरला नाही. मात्र त्यासाठी मॅगझिन आणि तो आकडा दोन्ही बदलावे लागले.

याच दशकात, १९६४ साली, भुसावळजवळ वरणगावला आयुधनिर्माणी सुरू झाली. लहान शस्त्रांची काडतुसे हे तिचे मुख्य काम, त्यांत ७.६२ मिमीही. आउट्रमच्या धरणगावपासून वरणगाव काही तासांच्या अंतरावर, त्याच जळगाव जिल्ह्यात.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा जुना शौक संपवला. सातपुड्यातले यावल तर १९६९ सालीच अभयारण्य झाले होते. ३१५ची रायफल मात्र परवान्यावर पुढेही मिळत राहिली, तिच्या काडतुसाच्या कडेसकट.