सीसीआधी किलो : एक प्रस्तावना

सव्वाशे किलोंच्या आसपासचा, सहा फुटांपुढचा माणूस पहिली स्पोर्ट क्वाड घ्यायला निघाला, की अमेरिकेतल्या शोरूमपासून वाळूच्या टेकड्यांपर्यंत त्याला बहुधा एकच सल्ला ऐकू येतो : तुझ्या अंगाला सातशे सीसीच पाहिजे. सल्ला देणाऱ्याच्या मनात खोट नसते. जड माणूस ओढायला जास्त ताकद लागणार, हे गणित वरवर बरोबरही आहे. पण या गाड्यांमधल्या तीनशे-चारशे सीसीच्या इंजिनालाही सव्वाशे किलो ओढताना फारसे काही वाटत नाही. आधी हात टेकते ती स्प्रिंग. त्यानंतर गुडघे हँडलला लागतात. इंजिन कमी पडलेच, तर त्याचा नंबर बराच नंतर लागतो. म्हणून या पुस्तकात इंजिनावरचे प्रकरण शेवटी टाकले आहे, आणि ते वाचायची घाई कुणी करू नये अशी विनंती आहे.

या विषयात नव्याने येणाऱ्याचे स्वागत करताना एक खुलासा आधी करायला हवा. नागावच्या किनाऱ्यावर किंवा लोणावळ्याच्या आसपास तिकीट काढून चालवायला मिळते ती चारचाकी आपल्यापैकी अनेकांनी चालवलेली असते. तिला बहुतेक वेळा क्लच नसतो. अंगठ्याने थ्रॉटल दाबला की ती निघते. स्पोर्ट क्वाड तिची चुलत बहीण म्हणता येईल, पण स्वभाव निराळा. हिला सहसा मोटारसायकलसारखा हातातला क्लच आणि पायातले गिअर असतात, सामान ठेवायचे कॅरिअर नसते, आणि मागची दोन्ही चाके एका अखंड अॅक्सलवर घट्ट बसवलेली असतात. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते, तरी दोन्ही चाके सारखीच फिरतात. त्यामुळे गाडी सरळच जायला बघते. तिला वळवायचे तर चालकाने अंग पुढे आणि वळणाच्या आतल्या बाजूला न्यायचे, बाहेरच्या फुटरेस्टवर भार द्यायचा. इथे हँडल अर्धेच काम करते. उरलेले काम चालकाच्या देहाचे.

आणि देहाचा प्रश्न आला, की आकडे बोलू लागतात. यामाहाची रॅप्टर 700आर पेट्रोल-ऑइलसह साधारण 190 किलो भरते. तिच्यावर 65 किलोंचा चालक बसला तर एकूण वजनात त्याचा वाटा पाव भाग. 115 किलोंचा बसला तर जवळजवळ 38 टक्के. हा दुसरा चालक आतल्या बाजूला झुकला की गाडी त्याचे पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त ऐकते. तो पोत्यासारखा बसून राहिला, तर तेच वजन तिला उलटवायलाही तितकेच पुरते. वजनदार चालकाला स्पोर्ट क्वाड जमत नाही, हा समज निराधार आहे; त्याला ती आळसात चालवता येत नाही, एवढेच खरे.

या गाड्या अशा का घडल्या, हे समजायला थोडा इतिहास लागतो. होंडाने 1970 मध्ये अमेरिकेत तीन फुगीर चाकांची यूएस90 आणली. पुढे तिचे नाव एटीसी90 झाले. तिला सस्पेन्शनच नव्हते, धक्के खायचे काम टायरमधली थोडीशी हवा करायची. (1971 च्या ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’ या बाँडपटात वाळवंटातल्या पाठलागात दिसतात त्या याच.) चार चाके आली ती 1983 च्या सुझुकी क्वाडरनरपासून. 1985 ची सुझुकी एलटी250आर, 1986 ची होंडा टीआरएक्स250आर आणि 1987 ची यामाहा बॅन्शी या टू-स्ट्रोक गाड्यांनी शर्यतीचे वारे आणले. तीनचाकींच्या अपघातांमुळे अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाने 1988 मध्ये उत्पादकांशी न्यायालयीन तडजोड केली आणि नव्या तीनचाकींची विक्री थांबली.

पहिली गाडी शोधणाऱ्याच्या कामाचा भाग यानंतर सुरू होतो. 1999 मध्ये होंडाने टीआरएक्स400ईएक्स आणली : हवेवर थंड होणारे, संथ स्वभावाचे फोर-स्ट्रोक इंजिन. 2003 मध्ये सुझुकीची झेड400 आली. मग 2004 पासून यामाहा वायएफझेड450 आणि होंडा टीआरएक्स450आर यांनी सगळा बाजारच मोटोक्रॉसच्या मैदानाकडे वळवला. 450 च्या वर्गातल्या गाड्या शर्यतपटूंसाठी घडल्या. त्यांची ताकद वरच्या आरपीएमला मिळते, रिव्हर्स गिअर बहुतेकींना नाही, आणि चालक सतत उभा राहून अंग हलवतो आहे असे गृहीत धरलेले आहे. 2006 ची रॅप्टर 700 त्या मानाने प्रशस्त : 686 सीसीचे एकच सिलिंडर, खालपासून मिळणारी ओढ, आणि रिव्हर्स. डाकार रॅलीत 2009 पासून 2024 पर्यंत क्वाडचा स्वतंत्र वर्ग होता, त्यावर या गाडीचीच छाप राहिली. पण म्हणून ती नवशिक्याची गाडी ठरत नाही. तिची ओढ शिकणाऱ्याची चूक पोटात घालत नाही, ती चूक मोठी करते.

आता ज्या मुद्द्यावर विक्रेते सहसा गप्प बसतात, तो. प्रत्येक गाडीच्या मालक-पुस्तिकेत आणि मडगार्डवरच्या लेबलवर कमाल भार छापलेला असतो. अनेक स्पोर्ट क्वाडवर हा आकडा 100 ते 110 किलोंच्या घरात आहे, आणि त्यात चालक, त्याचे कपडे, सामान, वरून बसवलेल्या वस्तू असे सगळे धरायचे असते. हेल्मेट, बूट, छातीचे कवच, पाण्याची पिशवी मिळून आठ-दहा किलो सहज होतात. म्हणजे 95 किलोंचा माणूस तयार होऊन बसला की मर्यादेला टेकलाच. याउलट शेतीकामाच्या मोठ्या क्वाड दोनशे किलोंच्या वर भार घेतात. इंजिनाच्या आकड्याशी याचा काहीही संबंध नाही : सातशे सीसीच्या रॅप्टरची मर्यादा चारशेवालीपेक्षा मोठी असेल असे मुळीच नाही. ज्याचे वजन छापील आकड्याच्या बरेच वर आहे, त्याने पहिल्या काही महिन्यांची हौस कामाच्या क्वाडवर भागवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. स्प्रिंग बदलली तरी लेबलवरचा आकडा बदलत नाही. फ्रेम, अॅक्सल, ब्रेक तेच राहतात. हे वाक्य न आवडणारे वाचक असतील, पण त्यांच्यासाठी ते खोडता येत नाही.

मर्यादेच्या आत असलेल्या, तरीही भरदार असलेल्या चालकासाठी सगळ्यात मोलाचे ज्ञान गॅरेजमध्ये, मोजपट्टीने मिळते. गाडी स्टँडवर चढवून मागचे चाक अधांतरी करायचे. अॅक्सलच्या मध्यापासून सरळ वर, सीटखालच्या एखाद्या ठरावीक बोल्टपर्यंतचे अंतर मोजायचे. मग गाडी जमिनीवर घेऊन, पूर्ण पोशाखात, फुटरेस्टवर पाय ठेवून बसायचे, आणि दुसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजायचे. दोन्हींतला फरक म्हणजे गाडी किती बसली ते. मागच्या चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण एकतृतीयांश बसणे ठीक. रॅप्टर 700 च्या मागच्या चाकाला सुमारे 25 सेंटिमीटर हालचाल आहे, तेव्हा आठ सेंटिमीटरच्या जवळपास. जड चालकाखाली हा आकडा बारा-तेरावर जातो, म्हणजे पहिल्या खड्ड्याआधीच अर्धा शॉक खर्ची पडलेला असतो.

इथे बहुतेक जण स्पॅनर घेतात आणि शॉकअपची नट कसत सुटतात. आठ सेंटिमीटर येतातही. पण लगेच उतरून, रिकामी गाडी आपल्याच वजनाने किती बसते ते पाहावे. ती जेमतेम हलत असेल, तर नट कसून स्प्रिंग कडक झालेली नाही, फक्त आधीपासून दाबली गेली आहे. मोठ्या धक्क्याला ती तरीही लवकर तळाला जाईल, आणि उंचवट्यावरून उतरताना मागचा भाग उसळी मारेल. अशा वेळी स्प्रिंगच बदलावी लागते. सस्पेन्शनचे काम करणारे कारागीर पोशाखासकट वजन विचारतात. तिथे लाजून पाच किलो कमी सांगण्यात काही हशील नाही. सेकंडहँड गाडीचा सौदा करताना या स्प्रिंगांचे पैसे आधीच बाजूला काढलेले असावेत. चकाकत्या एक्झॉस्टपेक्षा त्यांचा उपयोग शंभरपट.

उंचीचा प्रश्न त्या मानाने सोपा आणि स्वस्त. शोरूममध्ये बसून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवावे. गुडघा कुठे अडतो ते कळते. मग फुटरेस्टवर उभे राहावे. पाठ फार वाकत असेल तर हँडलखाली उंचवणारे तुकडे बसतात, सीटचा फोम वाढवता येतो, रुंद फुटरेस्ट मिळतात. दोन्ही बाजूंना पाय अडवणारे नर्फ बार मात्र आधी बसवावेत. पाय घसरून मागच्या चाकाखाली ओढला जाणे हा या खेळातला ओळखीचा अपघात आहे, आणि मोठ्या बुटांना तर जागा नेहमीच कमी पडते.

अधिक स्थिर वाटावी म्हणून गाडी रुंद करण्याचा मोहही याच वाचकाला जास्त होतो. अमेरिकेच्या वनखात्याच्या पुष्कळ वाटा 50 इंचांपर्यंतच्या, म्हणजे 127 सेंटिमीटरच्या आतल्या वाहनांनाच खुल्या असतात. वायएफझेड450आर मुळातच सुमारे 124 सेंटिमीटर रुंद आहे. तिला दोन्हीकडे सस्पेन्शनचे पाच-पाच सेंटिमीटर जास्त लांब बाहू लावले, की त्या वाटा बंद. ज्याला वाळूतच फिरायचे आहे त्याला ही अडचण नाही. कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसच्या टेकड्यांवर गाडी रुंद असली तरी चालते, पण जमिनीपासून आठ फुटांवर झेंडा हवाच, नाहीतर टेकडीपलीकडून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही.

राहिले इंजिन. माझा कौल 400 च्या वर्गाला : जुनी होंडा 400ईएक्स किंवा सुझुकी झेड400, योग्य स्प्रिंगांसह. ताकद कमी वाटली तर पुढचे स्प्रॉकेट एका दाताने लहान करावे. जड चालकाला चढावर लगेच फरक जाणवतो. उंच आणि शांत डोक्याच्या माणसाने रॅप्टर घेतली तर मी वाद घालणार नाही. 450 पहिली गाडी म्हणून घेऊ नये. कुठलीही घेतली तरी एटीव्ही सेफ्टी इन्स्टिट्यूटचा प्रत्यक्ष वर्ग आधी करावा, आणि मागे कुणालाही बसवू नये. या सीटची लांबी चालकाला मागे-पुढे सरकता यावे म्हणून आहे.

हे पुस्तक कॅलिफोर्निया, अॅरिझोना किंवा आखाती देशांत राहणाऱ्या मराठी वाचकाला जास्त उपयोगी पडेल, कारण वाळू त्याच्या दाराशी आहे. अमेरिकेतल्या पुस्तिका पौंड आणि इंचांत असतात. इथे वजने किलोंत आणि लांबी सेंटिमीटरमध्ये दिली आहे. कायद्याने ठरलेली मापे मात्र मुळात आहेत तशीच ठेवली आहेत. टायरची हवाही पीएसआयमध्येच आहे, कारण गेजवर तेच छापलेले असते. हे गेज कमी दाबाचे, वेगळे विकत घ्यावे लागते. या टायरांत चार-पाच पीएसआय हवा असते, आणि पेट्रोल पंपावरच्या गेजचा काटा तिथवर धड हलतही नाही.