ज्येष्ठमधाची गुळणी

डायलिसिसवरील वृद्धांच्या मुखशोषावर, म्हणजे तोंडाच्या सततच्या कोरडेपणावर, केला जाणारा पूरक वनौषधी उपाय. ज्येष्ठमधाच्या मुळीचा सौम्य काढा तोंडात खुळखुळवून थुंकून टाकतात.

कारणे : मूत्रपिंडे निकामी झाली की अंगात पाणी साठते. म्हणून हेमोडायलिसिसच्या रुग्णाला साधारणपणे रोजच्या लघवीइतके अधिक 500 मिलि. एवढेच पाणी घेण्याची मुभा असते. उतारवय, मधुमेह आणि काही औषधे यांमुळे लाळही आटते. मग भाकरीचा घास गिळवत नाही, कवळी टोचते, दात किडतात, तोंडात बुरशी धरते. तहान न आवरून जास्त पाणी प्यायले गेले, तर दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत वजन वाढते, पाय सुजतात, धाप लागते. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हे पथ्य फार जड जाते.

परंपरा : वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाच्या 22व्या अध्यायात गंडूष व कवल हे विधी आले आहेत. गंडूषात तोंड द्रवाने गच्च भरून स्थिर धरतात. कवलात तो खुळखुळवता येतो. पुण्यात रास्ता पेठेतील टिळक आयुर्वेद महाविद्यालयासारख्या (स्थापना 1933) संस्थांतून ही परंपरा आजही शिकवली जाते. तैवानमध्ये हेमोडायलिसिसच्या रुग्णांवर झालेल्या, 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्येष्ठमधाच्या गुळणीने लाळ वाढल्याचे व कोरडेपणा कमी झाल्याचे आढळले.

कृती : मुळी बाहेरून तपकिरी, आतून पिवळसर व तंतुमय असते, चवीला गोड लागते. लहान तुकडा ठेचून पाण्यात उकळावा, गाळून गार करावा. एक घोट मिनिटभर तोंडात फिरवून पूर्ण थुंकावा. काढा रोज ताजा करावा.

दक्षता : ज्येष्ठमधातील ग्लिसिऱ्हायझिन पोटात गेल्यास रक्तदाब वाढू शकतो, म्हणून काढा गिळू नये. मीठ घातल्यास तहान वाढते, मध-साखरेने दात किडतात. त्रिफळा, बाभळीची साल यांसारखी तुरट द्रव्ये तोंड आणखी कोरडे करू शकतात. अल्कोहोलयुक्त माउथवॉशही टाळावा. पक्षाघात किंवा स्मृतिभ्रंशामुळे गिळताना ठसका लागत असेल, तर गुळणी देऊ नये. ओल्या कापसाने ओठ व जीभ पुसावी. जिभेवर पांढरे चट्टे दिसल्यास दंतवैद्यांना दाखवावे.

या गुळणीने पाण्याचे पथ्य सुटत नाही, सुसह्य मात्र होते. ती सुरू करण्यापूर्वी डायलिसिस करणाऱ्या डॉक्टरांना अवश्य विचारावे.