बॅटरी बदलल्यावर कारची काच ‘ऑटो’ने वर जात नाही? अशी करा पॉवर विंडो रीसेट

नवी बॅटरी टाकली, गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. पण ड्रायव्हरची काच आता एका टचमध्ये वर जात नाही. बटण धरून ठेवलं तरच सरकते, थोडं-थोडं करत वर जाते, नाहीतर वर टेकून परत खाली येते. अशा वेळी ‘मोटर गेली’ असं वाटणं साहजिक आहे. पण बॅटरी काढल्यानंतर लगेच हे सुरू झालं असेल, तर बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. काच फक्त आपली जागा विसरलेली असते. ती पुन्हा शिकवायला दोन मिनिटं पुरतात, खर्च शून्य. मात्र त्या दोन मिनिटांत हात सांभाळायचे आहेत. का, ते आधी समजून घेऊ.

काच ‘विसरते’ म्हणजे काय?

दरवाजाच्या आत काच सरकवणारी छोटी मोटर असते. मोटर फिरली की तिच्यातला हॉल सेन्सर सिग्नल देतो आणि कंट्रोल युनिट ते सिग्नल मोजतं. या मोजणीवरूनच गाडीला कळतं, की काच किती वर आली. बॅटरी काढली, पूर्ण उतरली किंवा टर्मिनल सुटलं, की बऱ्याच गाड्यांत ही मोजणी हरवते. फोनचा कंपास बिघडला की आपण फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवून तो कॅलिब्रेट करतो ना, तसंच इथेही करावं लागतं.

मग ‘ऑटो’ बंद का होतं?

काच वर जाताना मध्ये हात आला तर मोटरचा वेग कमी होतो. कंट्रोल युनिट ते ओळखून काच खाली घेतं. यालाच अँटी-पिंच म्हणतात. युरोपातल्या नियमांनुसार, ऑटोने बंद होणाऱ्या काचेचा दाब १०० न्यूटनच्या वर जायच्या आत ती मागे फिरली पाहिजे. १०० न्यूटन म्हणजे साधारण १० किलो वजनाचा भार. हा नियम ४ ते २०० मिलिमीटरच्या फटीसाठी आहे.

पण काच वरच्या रबरात घुसते तेव्हाही मोटरचा वेग कमी होतोच. मग मध्ये बोट आलं की काच टोकाला पोचली, हे गाडीला कसं कळणार? काच कुठे आहे यावरून. तीच माहिती हरवली, की गाडी ऑटो बंद करून टाकते. म्हणजे हा बिघाड नाही, खबरदारी आहे.

आणि म्हणूनच रीसेट होईपर्यंत अँटी-पिंचवर विसंबू नका. लहान मुलं असतील तर त्यांना गाडीबाहेर थांबवा. खिडकीत कुणाचा हात, डोकं किंवा ओढणी नाही ना, हे प्रत्येक काचेच्या वेळी बघा.

रीसेट करण्याच्या स्टेप्स

१. सगळे दरवाजे बंद करा. इग्निशन ऑन करा. बॅटरी अशक्त वाटत असेल तर इंजिन सुरू ठेवा, पण बंद गॅरेजमध्ये नको.
२. ड्रायव्हरच्या काचेचं बटण दाबून काच पूर्ण खाली घ्या.
३. आता बटण वर ओढून धरा. काच पूर्ण बंद होऊ द्या. मध्येच थांबली तर सोडून पुन्हा ओढा.
४. काच वर टेकली तरी बटण लगेच सोडू नका. आणखी ४-५ सेकंद धरून ठेवा, मग सोडा.
५. ऑटो असलेल्या बाकीच्या काचांसाठीही हेच करा. काही गाड्यांत हे त्या-त्या दरवाजाच्या बटणावरूनच करावं लागतं.

गाडीनुसार पद्धत थोडी बदलते. ह्युंदाईच्या अनेक गाड्यांत काच बंद करून बटण किमान एक सेकंद धरलं की पुरतं. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत काच आधी पूर्ण उघडावी लागते. काही गाड्यांत खालच्या टोकालाही बटण काही सेकंद धरायचं असतं. वरच्या स्टेप्सने जमलं नाही, तर कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल फोनवर घ्या आणि त्यात ‘पॉवर विंडो’ इंग्रजीत सर्च करा.

रीसेट झालं का, हे कसं तपासाल?

काच खाली घ्या आणि बटण एकदाच वर ओढून सोडा. काच न थांबता पूर्ण बंद झाली की ऑटो परत आलं. अँटी-पिंच तपासायचं असेल तर स्वतःचा हात कधीच घालू नका. टॉवेलची घट्ट गुंडाळी मध्ये धरा, बोटं काचेच्या वाटेपासून लांब ठेवा. काच अडली की खाली आली पाहिजे. ही चाचणी ऑटोनेच करा. बटण ओढून धरलं तर अनेक गाड्यांत अँटी-पिंच काम करत नाही.

तरीही जमत नसेल तर

• त्या काचेला ऑटो आहे का, हे आधी बघा. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ते फक्त ड्रायव्हरच्या काचेला असतं. ज्या काचेला ऑटोच नाही, तिला रीसेट लागत नाही.
• मागच्या काचा मागच्या बटणांनी हलत नाहीत? ड्रायव्हरकडचं विंडो लॉक दाबलेलं असू शकतं.
• बरेचदा वर-खाली केल्यावर मोटर थांबली? ती गरम झाली असेल. थोडा वेळ थांबा.
• काच अजिबात हलत नाही? तिथे रीसेटचा उपयोग नाही. फ्यूज, स्विच किंवा वायरिंग तपासून घ्या.
• काच तिरकी जाते किंवा कडकड आवाज येतो? काच सरकवणारी यंत्रणा किंवा रबर खराब असू शकतं. जबरदस्ती करू नका.

पुढच्या वेळी बॅटरी काढताना

काचा आधी बंद करा आणि चावी गाडीत ठेवू नका. दरवाजाला काचेभोवती फ्रेम नसेल तर मात्र काच थोडी खाली ठेवा. अशा गाड्यांत दार उघडताना काच आपोआप जराशी खाली येते आणि बॅटरीशिवाय ते होत नाही. इलेक्ट्रिक गाडीतही वेगळी १२ व्होल्टची बॅटरी असते, त्यामुळे ती बदलल्यावरही हा प्रश्न येऊ शकतो. सनरूफ असेल तर तेही तपासा.

गॅरेजमधून गाडी ताब्यात घेताना प्रत्येक ऑटो काच एकदा तिथेच वर-खाली करून बघा. नव्या मोटरचा खर्च वाचेल, आणि मागच्या सीटवरच्या लहान हातांसाठी ते जास्त महत्त्वाचं आहे.