जंजिरा : पाण्याने राखलेले राज्य

जंजिरा हा शब्द अरबी ‘जझीरा’वरून आला. जझीरा म्हणजे बेट. आमच्या उर्दू शाळेतल्या मुलांना तो लगेच कळतो. पण इतिहासाच्या तासाला सिद्दी भेटतो तो केवळ शत्रू म्हणून. त्याने राज्य टिकवले कसे, हे आपण विचारतच नाही.

जंजिऱ्याचे श्रेय बहुधा तटबंदीला आणि तोफांना दिले जाते. कलालबांगडी पाहिली की सहलीही परत फिरतात! आम्हाला मात्र पाणी महत्त्वाचे वाटते. चहूकडे खारे पाणी, आत गोड्या पाण्याचे तलाव आणि रसद आणणारे आरमार. वेढा घालणाराच थकावा, अशी ही जागा. शिवाजी महाराजांनी समोर समुद्रातच पद्मदुर्ग बांधला तो यासाठीच. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी खाडीत दगड टाकून वाट बांधायला घेतली. म्हणजे बेटाचे बेटपणच मोडायचे! उपाय नेमका होता, पण मोगल चालून आले आणि काम अर्धेच राहिले.

सत्ता कोणाची, हेही समुद्रच ठरवी. आरमार हीच दौलत, म्हणून सुरुवातीच्या काळात बापाची गादी मुलाला मिळेच असे नव्हते. आरमारातला कर्तबगार सरदार प्रमुख होई. त्याला वजीर म्हणत. १६७० च्या सुमारास फत्तेखान किल्ला शिवाजी महाराजांच्या हवाली करायला निघाला, तेव्हा संबळ, कासम आणि खैरियत या सिद्दींनी त्याला कैद केले व आदिलशाही सोडून मोगलांची चाकरी धरली. कोणी याला फितुरी म्हणेल. पण आफ्रिकेतून आलेल्या या हबशांना बेट गेल्यावर मागे सरकायला जागा कुठली होती?

मात्र पाण्याने राखले तसे अडकवूनही ठेवले. बेटावर पिकणार काय? धान्य, लाकूड, महसूल सारे किनाऱ्यावरचे, आणि किनाऱ्यावर मराठ्यांशी गाठ. त्यामुळे एखाद्या मोठ्या दरबाराचा हात डोक्यावर लागेच : आधी निजामशाही, मग आदिलशाही, मग मोगल. मोगल खिळखिळे झाल्यावर १७३३ मध्ये सिद्दींच्या ताब्यातला रायगड मराठ्यांनी परत घेतला. १७३६ मध्ये सिद्दी सात लढाईत पडला. बेट मात्र राहिले. पुढे छत्र इंग्रजांचे आले.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. किल्ला जिंकण्याचा प्रश्नच उरला नव्हता. नवाब केव्हाच बेट सोडून मुरूडच्या किनाऱ्यावरच्या वाड्यात राहायला आले होते.