बंध आणि दया : जखमी कुत्र्याला बांधून ठेवावं का?



घरातल्या कुत्र्याचा पाय मोडला किंवा ऑपरेशन झालं, की डॉक्टरांची पहिली ताकीद असते : काही आठवडे पळणं नाही, उडी नाही, जिना नाही. दिवसभर हुंदडणारा जीव मग दोरीला किंवा पिंजऱ्यात येतो. तो कुंई कुंई करतो आणि घरातलं कुणीतरी म्हणतंच, "सोडा गं त्याला, पाप लागेल."

ही भीती उगाच नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पहिलाच बंध! पण श्रावकाचार समजावणाऱ्या आचार्यांनी पुढे भेद केला. रागाने, निष्कारण, आवळून बांधणं हा दोष. कारणापुरतं, सैल गाठीने, आग लागली तर जनावर सुटू शकेल असं बांधणं वेगळं. त्यांनी गाठीमागचा भाव पाहिला आणि गाठही पाहिली.

पांजरापोळीच्या तर नावातच पिंजरा आहे. मुंबईत इंग्रज सरकार मोकाट कुत्री मारायला लावी आणि मारणाऱ्याला पैसे देई. जून १८३२ मध्ये त्याविरुद्ध पारशी बांधव रस्त्यावर उतरले. हिंदू आणि जैनही त्यांच्यासोबत होते, बाजार बंद पडला. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि आपले शेठ मोतीशहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. तिथे कोंडणं हे जीव वाचवण्यासाठी होतं. पुढे १८८० च्या दशकात परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय आलं, १८८६ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. दयेला औषधाची जोड मिळाली.

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही तोच विवेक दिसतो. नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही, तर तो गुन्हा. बरं होईपर्यंतची विश्रांती ही गोष्ट निराळी.

आपल्या वेरूळच्या जैन लेण्यांत बाहुबली उभे आहेत, अंगावर वेली चढल्या तरी निश्चल. तसं स्थिर राहणं कुत्र्याला कुठून जमणार? हाड जुळेपर्यंत त्याच्या वतीने संयम आपणच पाळायचा.

त्यासाठी घरात एवढं करा. जागा लहान ठेवा, पण माणसं बसतात त्याच खोलीत. एकटेपणाने तो जास्त धडपडतो. शहाबादी फरशीवर पाय घसरतो, म्हणून सतरंजी अंथरा. शी-शूला आखूड दोरीने, सावकाश न्या. पाहुणे आले की दाराकडे धावू देऊ नका. जेवण थाळीत न देता जुन्या लुगड्याच्या घड्यांत लपवून द्या. वास घेत शोधताना त्याचं डोकं दमतं, पाय नाही. पाणी सतत जवळ हवं, नाहीतर अन्नपाननिरोध आपल्याच घरी घडेल. आपली वेदनाशामक गोळी त्याला कधीच देऊ नका, ती विषासारखी ठरू शकते. फारच अस्वस्थ असेल तर शांत करणारं औषध डॉक्टरांनाच विचारा. आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की दोरी हळूहळू लांब करा. पहिल्याच दिवशी मैदान नको.

सासूबाई किंवा शेजारीण "सोडा" म्हणाल्या, तर त्यांना सैल गाठीची ही गोष्ट जरूर सांगा. कारण संपलं की गाठ सोडायची, एवढं मात्र आपण लक्षात ठेवायचं.

जय जिनेंद्र.